पाहुण्याला चूक कळते का?

२६ नोव्हेंबर २०२५ला ग्लासगोमध्ये २०३०च्या कॉमनवेल्थ स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळाल्याचं जाहीर झालं आणि पुढच्याच क्षणी त्या सभागृहात वीस गरबा नर्तक आणि तीस ढोलवाले घुसले. म्हणजे बघा, कोणता खेळाडू जाणार हे ठरायचं आहे, पण गरबा ठरला! आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला आणि नेहमीचा खेळ सुरू झाला. उद्‌घाटनात महाराष्ट्राचं काय असेल? पुणेकरांनी एकमुखानं ढोल-ताशा म्हटलं. कोल्हापूरवाल्यानं लेझीम. एकानं लावणी म्हटलं, त्यावर दोघांनी डोळा मारला. मी लिहिलं, 'खडी गंमत.' उत्तरादाखल तीन प्रश्नचिन्हं आली. रामटेकच्या माणसाला याची सवय असते. :-)

तर ही पोस्ट म्हणजे त्या तीन प्रश्नचिन्हांचं लांबलचक उत्तर. पण खडी गंमत म्हणजे काय ते थोडं पुढे. आधी हा 'उद्‌घाटन' नावाचा प्रकार बघू.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेणारा प्रत्येक देश पहिल्या रात्री साधारण एकच काम करतो. आपली पाच हजार वर्षं (किंवा जी काही असतील ती) तीन-चार तासांत बसवून दाखवतो. १९९८मध्ये जपाननं नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकला सुवा भागातल्या उत्सवातले लाकडाचे प्रचंड खांब मैदानात उभे केले आणि अकेबोनो या सुमो योकोझुनाकडून मैदान 'शुद्ध' करणारा विधी करून घेतला. गंमत म्हणजे अकेबोनो जन्मानं हवाईचा. २०००मध्ये सिडनीत एका लहान मुलीला एक आदिवासी नर्तक हात धरून भूतकाळात घेऊन जातो असं दृश्य होतं, आणि ज्योत पेटवली कॅथी फ्रीमननं. २००८मध्ये बीजिंगला २००८ वादक एकाच ठेक्यात. २०१०मध्ये दिल्लीला नेहरू स्टेडियमवर हेलियमचा तो अवाढव्य फुगा, राज्याराज्यांचे ढोल, सहा शास्त्रीय नृत्यं आणि माणसांनी बनवलेली आगगाडी. (फुग्याच्या खर्चावर पुढे कितीतरी दिवस चर्चा चालली, नाच विसरून गेले सगळे.)

आमच्या धंद्यात या प्रकाराला एक साधा शब्द आहे, डेमो. क्लायंटसमोर प्रॉडक्ट उभं करायचं, पंधरा मिनिटं द्यायची, जे बटण नक्की चालतं तेवढंच दाबायचं. मागे डेटा खरा नसतो, आपणच भरून ठेवलेला असतो. बीजिंगला ५६ मुलं ५६ वांशिक गटांचे कपडे घालून झेंडा घेऊन आली, तेव्हा जगानं टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की बहुतेक मुलं हान वंशाचीच होती, एका बालनाट्य गटातली. म्हणजे आमच्या भाषेत 'टेस्ट डेटा'.

मी डेमोच्या विरोधात अजिबात नाही. माझा पगार डेमोवरच होतो. डेमो म्हणजे खोटेपणा नव्हे. घरी पाहुणे आले की आपणही बरी चादर काढतोच की. माझा प्रश्न वेगळा आहे. डेमो संपल्यावर काय? क्लायंटनं ते प्रॉडक्ट घेऊन खरंच वापरलं का? वापरून तक्रार केली का? कारण ज्याला कोणी तक्रारच करत नाही ते सॉफ्टवेअर कोणी वापरतही नसतं, हे आपल्याला पक्कं माहीत आहे.

यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या विदर्भातलीच आहे.

१९३६चं बर्लिन ऑलिम्पिक. यजमान हिटलरचं जर्मनी. जगाला आपला देखणा चेहरा दाखवायची त्यांना प्रचंड हौस. तिथे कार्ल डीम या संयोजकानं ग्रीसमधल्या ऑलिंपियापासून बर्लिनपर्यंत मशाल पळवत आणायची टूम काढली. तीन हजारांहून जास्त धावपटू, हातोहात ज्योत. आज आपल्याला ती दौड इतकी प्राचीन वाटते की जणू होमरच्या काळापासून चालत आलीय. प्रत्यक्षात प्राचीन ऑलिम्पिकमध्ये अशी दौड नव्हतीच. ती १९३६चीच. यजमानानं परंपरा दुसऱ्याची घेतली, तीही नवीन बनवून.

आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीची पोरं होती! हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४. त्यांचं पथक तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं, त्यात कबड्डी होती. कबड्डी देशाबाहेर पहिल्यांदा अशी ठळकपणे दिसली ती तिथे, असं खेळाच्या इतिहासात नोंदलेलं असतं. विचार करा, त्या गर्दीत किती जणांना 'दम' म्हणजे काय हे कळलं असेल? एक माणूस काहीतरी पुटपुटत पलीकडे जातो, सात जण त्याला धरतात. बघणाऱ्यांना तो पूर्वेकडचा एखादा नाच वाटला असला तरी नवल नाही. म्हणजे तोही डेमोच होता.

पण पुढचं बघा. १९८२च्या दिल्ली एशियाडला आपण यजमान होतो. अप्पू हत्ती, पंडित रविशंकरांचं स्वागतगीत वगैरे होतंच, पण त्याबरोबर कबड्डी आणि खो-खो प्रदर्शनीय खेळ म्हणून ठेवले होते. पुन्हा डेमो. मग १९९०ला बीजिंग एशियाडमध्ये कबड्डीला पदक मिळालं. तिथून २०१४पर्यंत सात एशियाड, पुरुषांचं सुवर्ण सातही वेळा आपलं. आपण खूश. आपलाच खेळ, आपलंच पदक.

आणि मग जकार्ता, ऑगस्ट २०१८. उपांत्य सामन्यात इराणच्या पुरुषांनी आपल्याला २७-१८ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी २७-२४. आणि त्या इराणी मुलींची कोच कोण? नाशिकच्या शैलजा जैन! बातम्यांमध्ये दोन दिवस सुतक होतं. माझ्या मते मात्र १९३६ला अमरावतीच्या पोरांनी जो डेमो दिला त्याचं खरं 'अ‍ॅक्सेप्टन्स' जकार्तात झालं. पाहुण्यानं ती गोष्ट इतकी आपली केली की तो यजमानाला हरवू शकला. त्याहून मोठी दाद कोणती?

जपाननं हे आपल्या आधी भोगलंय. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकला त्यांनी यजमान म्हणून ज्यूदो आणला. त्यासाठी बुदोकान नावाची खास वास्तू बांधली. चारपैकी तीन सुवर्णं त्यांनीच घेतली. पण चौथं, खुल्या गटाचं, म्हणजे ज्याला खरी किंमत होती ते, नेदरलंड्सच्या आंतोन खेसिंकनं अकिओ कामिनागाला हरवून नेलं. भर बुदोकानमध्ये. त्या क्षणी डच पाठीराखे आनंदानं मॅटकडे धावले तर खेसिंकनं हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. कारण ज्यूदोत असं करत नाहीत. त्याला नुसते डाव नाही तर रीतही येत होती. माझ्या मते ज्यूदो जगाचा झाला तो त्या वर केलेल्या हातानं.

बरं, आता तुम्ही म्हणाल की हे खेळांचं झालं. खेळात हार-जीत असते. नाच-गाण्यात कोण कोणाला हरवणार? मलाही असंच वाटायचं जर मी रामटेकचा नसतो तर.

नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर आमचं गाव. बाहेरचे लोक गडमंदिर, कालिदास स्मारक आणि खिंडसीचा तलाव बघतात, फोटो काढतात, संध्याकाळी परत. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचंच रामटेक, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं आणि तेव्हापासून कालिदास हा आमचा अधिकृत ब्रँड आहे. १९९७पासून त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही आहे. म्हणजे पाहुण्यांसाठी बरी चादर आम्हीही ठेवतो. पण पाहुण्यांसाठीच असलेली आणखी एक गोष्ट इकडच्या खेड्यांत आहे. तिची जाहिरात कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत नसते. ती म्हणजे मंडई.

मंडई भाजीची नव्हे हो! पुणेकरांनो, शांत व्हा. पूर्व विदर्भात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. शक्यतो शेजारच्या गावांचे दिवस एकमेकांवर येणार नाहीत असं बघतात, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता येतं. दिवसा दुकानं लागतात, जिलेबी, बांगड्या, खेळणी, आकाशपाळणा. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. ज्या गावची मंडई ते गाव त्या दिवशी यजमान. आणि रात्री पाहुण्यांसाठी कार्यक्रम, दंडार, नाटक किंवा खडी गंमत.

खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशा समजा. उभ्यानं करायचा म्हणून 'खडी'. एक शाहीर, त्याचे साथीदार, ढोलकी, बाईचा वेश घेतलेला नाच्या. आधी गण, मग गाणी, सोंगं, बतावणी. पण खरी मजा असते ती 'दुय्यम' असेल तेव्हा. म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर. एका शाहिरानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. मूळ भांडण कलगी आणि तुरा यांचं. कलगीवाले शक्ती मोठी म्हणणार, तुरेवाले शिव मोठा म्हणणार. पुराणातला कुठलाही कोपरा काढतील. जवाब आला नाही तर अख्ख्या गावासमोर फजिती. आणि गावाला कळतं! समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं वीस वर्षं गंमत ऐकलेली असते. शाहीर कुठे अडखळला, कुठली कडी खाल्ली, कुठे जुनाच जवाब नवा म्हणून खपवला, सगळं कळतं. शिवाय त्या म्हाताऱ्याच्या गावची मंडई पुढच्या आठवड्यात असते, तेव्हा आजचा यजमान तिकडे पाहुणा म्हणून जाणार असतो. हिशोब बरोबर.

रामटेक तालुक्यात अशा एका म्हाताऱ्या शाहिरांना मी ओळखतो. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मागे एकदा एका मोठ्या शहरातल्या सरकारी महोत्सवात त्यांच्या पार्टीला बोलावणं आलं होतं. लोकसंस्कृती दर्शन की असंच काहीतरी. परत आल्यावर मी विचारलं, "काकाजी, कसा झाला प्रोग्राम?"

"चांगला झाला बाबू. आठ मिनटं देल्ले. त्यातले दोन तं माइक लावण्यातच गेले. गण झाला का उतरा म्हणे."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या की नाही?"

"वाजवल्या ना! लय वाजवल्या. पण मधातच वाजवल्या." मग थोडं थांबून म्हणाले, "एक कडी मी चुकलो. साफ चुकलो. कोणी काही म्हटलंच नाही. उलट तेथीच जास्त टाळ्या पडल्या. मंडईत चुकलो असतो तं समोरच्या पार्टीनं मले उभं राहू देल्लं नसतं."

हे सांगताना ते हसत होते, पण त्यांना ते लागलं होतं. मानधन वेळेवर मिळालं नाही, जेवण थंड होतं, हेही त्यांनी सांगितलं, पण ते सहज. खरी सल त्या चुकलेल्या कडीची होती. पन्नास वर्षं जी गोष्ट चुकू नये म्हणून घासली ती चुकली काय आणि नाही चुकली काय, समोरच्याला सारखंच. त्यांच्या पार्टीत आता सहाच जण उरलेत आणि सगळ्यात तरुण माणूस पंचेचाळिशीचा आहे. पोरगा शाळेची व्हॅन चालवतो. तो म्हणतो, आठ मिनिटांसाठी कोण शिकेल?

माझा मुद्दा इथे येतो. 'पाहुण्यांसाठी केलं म्हणजे नकली' असं आपले काही मित्र म्हणतात, ते मला पटत नाही. मंडईतली गंमत पाहुण्यांसाठीच असते. फरक एवढाच की मंडईतल्या पाहुण्याला चूक कळते. स्टेडियममधल्या पाहुण्याला ती कळत नाही, आणि यजमानाला ती कळावी अशी इच्छाही नसते. उलट चूक कळणार नाही याचीच सगळी व्यवस्था असते. आवाज आधी रेकॉर्ड केलेला, पावलं ठोक्यावर मोजलेली, कपडे कॅमेऱ्याला चालतील असे. त्यात कलगीसमोर तुरा उभा करायला जागाच नाही. कारण देशाचा कार्यक्रम, त्यात भांडण कसं दाखवायचं? म्हणजे ज्या गोष्टीमुळे ती कला जिवंत आहे नेमकी तीच आधी काढून टाकायची आणि उरलेल्या फेट्याला 'समृद्ध परंपरा' म्हणायचं.

मग काय, स्टेडियममध्ये रात्रभर गंमत ठेवायची? नाही हो. एक लाख प्रेक्षक आणि जगभरचे चॅनेल बसलेत, कोण थांबेल? नव्वद सेकंद तर नव्वद सेकंद. ट्रेलरला माझी हरकत नाही, पण सिनेमा कुठे आहे ते तरी सांगा! लंडननं २०१२च्या ऑलिम्पिकसाठी हे केलं होतं. 'कल्चरल ऑलिम्पियाड' म्हणून २००८पासून चार वर्षं देशभर नाटकं, संगीत, प्रदर्शनं चालू ठेवली. उद्‌घाटनाची रात्र वेगळी आणि ही चार वर्षं वेगळी. २०३०साठी आपल्याकडेही वेळ आहे. स्पर्धेच्या दिवसांत शहरात रोज रात्री एक मांडव असावा. एका रात्री एकच कला, पूर्ण लांबीची. आणि एकटी नव्हे, जोडीनं. कलगीसमोर तुरा. एका गावच्या ढोल पथकासमोर दुसरं पथक. गरब्याचंही तेच करा, गावच्या शेरीत जसा होतो तसा, चुकला तर आजी ओरडेल असा. समजावून सांगणारा एक माणूस बसवा, भाषांतर पडद्यावर टाका. शंभर परदेशी खेळाडू आले, त्यातले दहा शेवटपर्यंत थांबले आणि एकानं विचारलं की 'तो दुसरा माणूस हरला का?' की झालं. त्या एकाला खेळ कळला.

हे होईल का? मला फार आशा नाही, डेमोचं बजेट नेहमीच सपोर्टच्या बजेटपेक्षा मोठं असतं. पण अशक्यही नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. दोन्ही सुवर्णं आपली. सगळे आनंदले, मीही आनंदलो. मात्र मी वाट बघतोय ती आपण त्यात हरू त्या दिवसाची. त्या दिवशी समजायचं की १९८२चा डेमो क्लायंटनं खरंच घरी नेला.

आणि गंमतीचं? तिला हरवायला परदेशी माणूस यायची गरज नाही. तिला फक्त समोर बसून चूक पकडणारी माणसं हवीत, आणि ती तर आपण होऊ शकतो. वैकुंठ चतुर्दशीला रामटेकला शोभायात्रेतल्या झाक्या बघायला लोक उसळतात तेव्हा निम्मी गर्दी हेच बोलत असते की गेल्या वर्षीची त्या मंडळाची झाकी यापेक्षा चांगली होती. असं बोलणारे आहेत तोवर झाकी दर वर्षी सुधारते.

तेव्हा नागपूरच्या आयटीवाल्यांनो, यंदा भाऊबीजेनंतरच्या शनिवारी मॉलमध्ये जायच्या ऐवजी रामटेक, मौदा, पारशिवनी किंवा भंडाऱ्याच्या बाजूच्या कुठल्याही गावची मंडई विचारा. पोस्टरवर 'दुय्यम' लिहिलेलं असेल तिथेच जा. स्वेटर न्या, शेतातली थंडी वेगळी असते. पहिल्या तासात काही कळणार नाही. बाजूच्या म्हाताऱ्याला विचारा, तो आनंदानं सांगेल. दुसऱ्या तासाला सवाल कोणता होता ते कळायला लागेल. आणि शाहीर अडकला की म्हाताऱ्याबरोबर तुम्हीही हसाल. तेवढं झालं की तुम्ही पाहुणे राहिला नाहीत.

ता.क. - ग्रुपवरच्या त्या तीन प्रश्नचिन्हवाल्यांपैकी दोघं यायला तयार झालेत. तिसरा विचारतोय की पार्किंग आहे का. आहे रे बाबा, अख्खं शेत आहे.